बागचे घर आणि भग्नस्फुटिताचा खर्च

बागच्या लेण्यांविषयी आपल्या मंडळांत, स्मरणिकांत आणि व्याख्यानमालांत आजवर जे बोलले-लिहिले गेले, त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतील. पहिला प्रकार ‘माळव्यातील अजिंठा’ या शीर्षकाखाली येतो. त्यात नर्तकींच्या मेळ्याचे, हत्तींच्या मिरवणुकीचे आणि मुख झाकून रडणाऱ्या स्त्रीचे वर्णन असते, आणि शेवटी पूर्वजांच्या कलासक्तीला अभिवादन असते. दुसरा प्रकार विद्वानांचा. त्यात लेणी पाचव्या शतकाच्या आरंभीची की अखेरची, यावर उभयपक्षी मुद्दे मांडलेले असतात. दोन्ही प्रकारांविषयी मला आदर आहे. परंतु या दोन्ही प्रकारांत एक गोष्ट हटकून सुटते : बागचे लेणे हे मुळात घर होते. त्यात माणसे राहत, जेवत, आजारी पडत, निजत. ते घर कशाच्या आधारावर उभे राहणार होते, हे सांगणारा कागद, म्हणजे ताम्रपट, त्याच घरात सापडला आहे. तो आपण वाचला नाही, किंवा वाचला तो फक्त सनावळीपुरता. ही आपली सवय केवळ बागेपुरती राहिलेली नाही, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

धार जिल्ह्यात, विंध्याच्या दक्षिण उतारावर, बाघिनी नावाच्या लहानशा नदीच्या काठी वालुकाश्माचा एक कडा आहे. या कड्यात एकूण नऊ लेणी खोदली गेली. आज त्यांतील पाच काय ती पाहण्याजोगी उरली आहेत. अजिंठ्याप्रमाणे येथे स्वतंत्र चैत्यगृह नाही, आहेत ते विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने. मधोमध सभामंडप, त्याच्या बाजूंना खोल्या आणि मागे पूजेचा स्तूप, अशी दुसऱ्या लेण्याची मांडणी आहे. आपल्या जुन्या वाड्यात मधला चौक, भोवती सोपे व खोल्या आणि आत देवघर असते. ती रचना ज्याने पाहिली आहे, त्याला हा आराखडा परका वाटू नये. फरक इतकाच की वाडा रचून उभा करतात, आणि हा कोरून मोकळा केला आहे.

स्थानिक लोकांनी या लेण्यांना दिलेली नावे पाहावीत. पहिले ‘गृह’, दुसरे ‘पांडव’, तिसरे ‘हाथीखाना’, चौथे ‘रंगमहाल’, पाचवे ‘पाठशाला’. इतिहासाच्या कसोटीला यातले एकही नाव टिकत नाही. पांडव येथे राहिले नाहीत. दुसऱ्या लेण्यातील बुद्ध व बोधिसत्त्वांच्या मूर्तींना लोकांनी पांडव मानले, इतकेच. हत्तीही येथे बांधले जात नव्हते. तरीही या नावांची मी थट्टा करणार नाही. ज्या शेतकऱ्यांनी व गुराख्यांनी ती दिली, त्यांना एक गोष्ट अचूक उमगली होती. कड्याच्या पोटातील ती पोकळी पाहून त्यांना राहते घर आठवले, आणि घराला असतात तशी दालने त्यांनी मोजली. आम्ही शिकलेल्यांनी मात्र तिला ‘गुंफा’ म्हटले, आणि गुंफा म्हणजे निसर्गाने केलेले भगदाड, असा समज पुढच्या पिढीच्या हाती दिला.

वास्तविक मराठीजवळ याहून नेमका शब्द आहे. प्राकृत शिलालेखांतून येणारे ‘लेण’ हे संस्कृत ‘लयन’ या शब्दाचे रूप, आणि त्याचा अर्थ विसाव्याचे, आश्रयाचे ठिकाण. आपल्या भाषेत ‘लेणे’ हा शब्द अंगावर घालायच्या दागिन्यालाही लावतात, पण त्याचे कूळ निराळे. शब्दांचा हा योगायोग आपल्याला महागात पडला असे मला वाटते. राहत्या घराला आपण दागिना समजून बसलो. दागिना वर्षातून एकदा पेटीतून काढून मिरवला की पुरते. घराचे तसे नसते. त्याला रोज केर काढावा लागतो, आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर पाहावे लागते.

आता त्या ताम्रपटाकडे वळू. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या देखरेखीखाली दुसऱ्या लेण्यातील मलबा उपसण्याचे काम चालू होते. त्या वेळी, १९२८-२९ च्या सुमारास, हा पत्रा हाती लागला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने ‘कलयन’ नावाच्या विहाराला एक गाव लावून दिल्याची ती सनद आहे. हा विहार दत्तटक नावाच्या गृहस्थाने करविला, असेही त्यात नमूद आहे. पत्र्यावरील वर्षाचा आकडा नष्ट झाला आहे. सुबंधूचाच दुसरा ताम्रपट बडवानीकडचा, त्यावर १६७ हे वर्ष आहे. हे वर्ष कलचुरी संवताचे मानून वा. वि. मिराशी यांनी सुबंधूचा काळ इ. स. ४१६-१७ च्या सुमारास धरला. गुप्त संवत मानणारे तो ४८६ च्या आसपास आणतात. हा सत्तर वर्षांचा वाद महत्त्वाचा आहे, त्यात शंका नाही. पण ज्या पत्र्यावरून तो माजला, त्या पत्र्यावर लिहिले आहे तरी काय?

त्यावर खर्चाच्या बाबी लिहिल्या आहेत. या गावच्या उत्पन्नातून बुद्धाच्या पूजेसाठी गंध, धूप, फुले आणि नैवेद्य यांचा खर्च व्हावा. अन्नसत्र चालावे. चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंना वस्त्र, भोजन, अंथरूण, आसन मिळावे, आजाऱ्यांची शुश्रूषा व औषधोपचार व्हावा. आणि विहाराचा जो भाग भग्न होईल, जो स्फुटित होईल, म्हणजे मोडेल वा तडकेल, त्याचा संस्कार करावा, म्हणजे दुरुस्ती करावी. प्राचीन दानपत्रांतून ‘भग्नस्फुटित-संस्कार’ हा जणू ठरलेला शब्दप्रयोग आहे. ठरलेला आहे म्हणूनच तो मोलाचा. एखादी तरतूद शिरस्त्यात आली, तिचा मसुदा कारकुनाला तोंडपाठ झाला, की समजावे ती त्या राज्यकारभाराच्या हाडीमाशी मुरली आहे.

माझे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. अंदाजपत्रक वाचताना भाषणाकडे न पाहता खर्चाच्या शीर्षांकडे पाहावे, हे त्या नोकरीने शिकविले. भाषणात इच्छा असते, शीर्षात निश्चय असतो. नवीन इमारतीसाठी रक्कम मंजूर होताना मी अनेकदा पाहिली. तिच्या उद्घाटनाला मांडव पडतो, छायाचित्रे निघतात. त्याच इमारतीच्या गच्चीवर तिसऱ्या वर्षी पाणी मुरू लागले, की देखभालीच्या शीर्षाखाली काही शिल्लक नाही, असे उत्तर येते. फाइल एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरते, आणि पाणी मात्र एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर उतरते. अशा अनुभवानंतर सुबंधूची ती ओळ वाचली, म्हणजे हात जोडावेसे वाटतात. देवाची फुले आणि भिंतीची भेग, दोन्हींना एकाच पत्र्यावर, एकाच उत्पन्नातून, एकाच आज्ञेने तरतूद आहे.

हे उदाहरण एकटे नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि वर ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा एक, उरलेल्या १००० वर दरमहा शेकडा पाऊण, असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला २४० होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, म्हणजे एकूण २४०. हिशोब कवडीचाही न चुकता जुळतो. मुद्दल परत घ्यायचे नाही, भोगायचे ते व्याजच, असे स्पष्ट लिहून हा व्यवहार नगरसभेत ऐकवून नोंदविला गेला. पुढे त्याच डोंगरावर गौतमीपुत्र सातकर्णीच्या २४ व्या राज्यवर्षाचा लेख आहे. पूर्वी कखडी गावातील जे शेत भिक्षूंना दिले होते, ते नांगरले जात नाही, ते गावही वसलेले नाही, असे राजाच्या लक्षात आले. तेव्हा गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा गेली, की त्याऐवजी नगराच्या सीमेवरील सरकारी शेतातून १०० निवर्तने जमीन द्यावी. दान दिले म्हणजे जबाबदारी संपली, असे त्या काळच्या सत्तेने मानले नाही. दिलेल्या दानातून खरोखर काही पोचते की नाही, याची तिने चौकशी केली आणि चूक दुरुस्त करून तीही दगडावर कोरविली. आमच्या संस्थांच्या वार्षिक सभांत असा एक ठराव झाल्याचे कुणाला स्मरत असेल, तर त्यांनी मला जरूर कळवावे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. बागचा दगडच ठिसूळ, वालुकाश्मात मातकट थर, वरून पाणी झिरपते. अशा कड्यात कोरलेले घर ढासळणारच, तेथे दुरुस्ती करून काय होणार? दगडाविषयीचे म्हणणे खरे आहे. पण ते कोरणाऱ्यांना ठाऊक नव्हते, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय. मंडपाच्या भोवतालचे खांब पुरेनात, म्हणून त्यांनी छताच्या मध्यभागी आणखी चार भक्कम खांब राखले. बागच्या विहारांची ही खूणच आहे. कड्याचा भरवसा नाही हे ओळखून त्यांनी दोन उपाय योजले. एक छिन्नीचा, तो म्हणजे मधले खांब. दुसरा लेखणीचा, तो म्हणजे भग्नस्फुटिताची तरतूद. पहिला उपाय आजही काही ठिकाणी उभा आहे. दुसरा बंद पडला आणि घर खचत गेले. ठिसूळ दगड हे देखभाल न करण्याचे कारण होऊ शकत नाही. देखभालीची सर्वांत जास्त गरज ठिसूळ दगडालाच असते.

विहार केव्हा ओस पडला, याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. गाव लावून दिलेले राज्य गेले, उत्पन्न थांबले, माणसे पांगली. मग घरात वटवाघळे आली, धुनींच्या धुराने भिंती काळवंडल्या. चौथ्या व पाचव्या लेण्यांसमोरची सलग लांब ओसरी कोसळली, आणि तिच्या मागील भिंतीवरची चित्रे ऊन-पावसात उघडी पडली. १८१८ मध्ये लेफ्टनंट डेंजरफील्ड येथे आला. त्याचे टिपण मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापले, तेव्हा विद्वज्जगाला बागेची वार्ता कळली. साहित्यसंस्थेच्या नियतकालिकाने हे काम केले, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. पुढे माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत ग्वाल्हेर दरबारने लक्ष घातले. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सुरेंद्रनाथ कर प्रभृती चित्रकारांनी नकला उतरविल्या. १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथ काढला. त्यात जॉन मार्शल यांच्या जोडीने गर्द्यांचेही लेखन आहे. स्वातंत्र्योत्तर काळात, १९८२ पासून, उरलीसुरली महत्त्वाची चित्रे भिंतीवरून सोडवून काढण्यात आली.

ही सर्व कामे करणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्या हाती घर आले ते पडके, आणि पडक्या घरातून जे वाचविता येईल ते त्यांनी वाचविले. नकला झाल्या नसत्या, तर कित्येक आकृती आज कल्पनेतही उरल्या नसत्या. चित्रे भिंतीवर ठेवली असती, तर भिंतीबरोबर गेली असती. माझी तक्रार आहे ती या घटनांकडे ‘गौरवशाली अध्याय’ म्हणून पाहणाऱ्या आपल्या दृष्टीविषयी. प्रथम घर पडू दिले, मग त्यातील चित्रांच्या नकला केल्या, आणि शेवटी मूळ चित्रेही घराबाहेर काढली. हा क्रम शोकाचा आहे. एखाद्या कुटुंबाने वाडा सोडताना आजोबांची तसबीर आणि पितळेचा समई-जोड तेवढा फ्लॅटवर न्यावा, यासारखेच ते. तसबीर नेणे योग्यच. पण तसबीर नेली म्हणून वाडा वाचला, असे कुणी म्हणू नये.

वाड्याचा दाखला मी सहज दिलेला नाही. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून जाताना कान्ह नदीच्या काठी होळकरांच्या छत्र्या दिसतात. कृष्णाबाईंची, दुसऱ्या तुकोजीरावांची, शिवाजीरावांची. त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून, रामबागेत, नारायणबागेत आपल्या पूर्वजांनी घरे बांधली. कुणी फडणिशीत होते, कुणी पागेत, कुणी वेदशाळेत, कुणी मुद्रणालयात. ती घरे आज कशी आहेत, हे वाचकांना मी सांगायला नको. पाच भावांच्या नावे सामाईक पट्टा, त्यातले तीन पुण्याला नाहीतर परदेशी. कौले कुणी शाकारायची, यावर दहा वर्षे पत्रव्यवहार. तोवर आढे वाकते, आणि मग ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस लागली, की सर्वांना एकाच वेळी सुटल्यासारखे वाटते. १९८४ मध्ये राजवाडा जळाला, तेव्हा शहर हळहळले. त्याची पुढे पुनर्बांधणीही झाली. पण आग दिसते, म्हणून तिच्यावर लेख निघतात. वाळवी आणि गळती दिसत नाहीत, आणि आपले वाडे बहुतांशी त्यांनीच नेले.

संस्थांचे निराळे नाही. देणगीदाराला कोनशिला हवी असते, कार्यकारिणीला नवे सभागृह हवे असते. ग्रंथालयातल्या जुन्या पोथ्यांना ओल लागली आहे, त्यासाठी देणगी द्या म्हटले, की सूर बदलतो. ओल काढणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरीत नाहीत ना! अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळे आणि घाट बांधले, हे आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. त्या देवळांतील पूजा-अर्चा आणि अन्नछत्रे चालावीत म्हणून त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून तरतुदी लावून दिल्या, हे सांगायला मात्र आपल्याजवळ वेळ उरत नाही. सुबंधूची माहिष्मती म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते अहिल्याबाईंचे महेश्वरच. तेराशे वर्षांच्या अंतराने एकाच नदीकाठच्या गादीवरून एकच शहाणपण दोनदा सांगितले गेले, आणि त्याच नर्मदेचे पाणी पिणाऱ्या आपण ते दोन्ही वेळा कानाआड केले.

‘बागचा विहार बौद्ध भिक्षूंचा; आपल्या घराण्यांचा त्याच्याशी संबंध काय?’ असेही कुणी दबक्या आवाजात विचारतात. त्यांना सुबंधूनेच उत्तर दिले आहे. बडवानीच्या ताम्रपटात त्याने एका ब्राह्मणाला जमीन दिली, आणि बागच्या ताम्रपटात विहाराला गाव दिले. मोडलेली भिंत कोणत्या पंथाची, हे पाहून त्याने हात आखडला नाही. ‘पैसा कुठे आहे?’ हा दुसरा प्रश्न. पैसा वर्धापनदिनाला असतो, शताब्दीला असतो, स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदाला असतो. म्हणजे पैसा आहे, त्याचे शीर्ष चुकले आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. आपल्या शहरातील प्रत्येक मराठी संस्थेने नव्या बांधकामासाठी स्वीकारलेल्या देणगीचा ठरावीक हिस्सा दुरुस्तीच्या अक्षयनिधीत टाकावा. मुद्दलाला हात लावू नये, व्याज दुसऱ्या कामी वळवू नये, आणि हे घटनेत लिहून ठेवावे. वार्षिक अहवालात कार्यक्रमांच्या यादीआधी ‘काय मोडले, काय तडकले, काय दुरुस्त झाले’ असे एक पान असावे. आमच्या या त्रैमासिकाने ते छापावे. निधीतून खरोखर काम होते की नाही, हे दर तीन वर्षांनी बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावे. आणि ज्या कुटुंबांना वाडा विकण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांनी तो पाडण्यापूर्वी त्याचा मोजमापासह नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, दप्तर ग्रंथालयाच्या स्वाधीन करावे. ग्वाल्हेर दरबारने जे १९२१ मध्ये केले, ते निदान एवढ्या प्रमाणात आपल्याला अशक्य नाही. परंतु ही शेवटची मागणी हरलेल्या पक्षाची आहे, हे विसरू नये. पहिल्या तीन नीट पाळल्या, तर ती करावी लागणार नाही.

बागेची सहल यापुढेही काढावी, रंगमहालही पाहावा. पण त्याआधी दुसऱ्या लेण्यात, जेथे तो पत्रा मातीत पडून होता तेथे, थोडा वेळ थांबावे आणि बरोबरच्या मुलांना त्यातील यादी वाचून दाखवावी : फुले, अन्न, अंथरूण, औषध, आणि तडकलेल्या भिंतीची डागडुजी. दत्तटकाने कडा कोरून घर केले, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या घराच्या भेगा लिंपल्या, त्यांची नावे कुठेही नाहीत. घर जोवर उभे होते, तोवर ते त्यांच्यामुळे उभे होते.